नवव्या मजल्याच्या आधी, नवव्या मजल्यानंतर

मार्च १९५६. ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडने २६ वर्षं वाट पाहून आपल्या कसोटी इतिहासातला पहिला विजय मिळवला. समोर होता वेस्ट इंडीजचा संघ. दुसऱ्या डावात तो ७७ धावांत गारद झाला. त्या संघात सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेला १८ वर्षांचा एक पोरगा होता, अल्फी रॉबर्ट्स. आपल्या बेटाचा तो पहिला कसोटीपटू, आणि ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. कसोटी क्रिकेटच्या नोंदवहीत रॉबर्ट्सचा विषय तिथेच संपतो. पुढे १९६२ साली तो शिकायला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात गेला आणि तिथेच राहिला. मॉन्ट्रियलच्या कृष्णवर्णीय वस्तीत त्याचं नाव आजही निघतं, पण ते फलंदाज म्हणून नाही. चारचौघांना जमवून वाचायला बसवणारा माणूस म्हणून लोक त्याला ओळखतात.

काळ्या लोकांचा लढा म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. ते साहजिकच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावही घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. कॅनडा या चित्रात सहसा येत नाही. आलाच तर पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारा उत्तरेचा सज्जन शेजारी म्हणून येतो. कॅनडालाही आपली ही ओळख फार आवडते. फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश अमलाखाली त्याच भूमीवर सुमारे दोनशे वर्षं गुलामगिरी होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. मॉन्ट्रियलमध्ये ११ फेब्रुवारी १९६९ रोजी एका विद्यापीठाच्या नवव्या मजल्यावर आग लागली, तेव्हा वर्तमानपत्रांचा सूर असा होता की हे खूळ बाहेरून, अमेरिकेतून आलं. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. त्या मजल्यापर्यंत पोहोचणारी वाट त्याच शहरातल्या रेल्वे स्टेशनापासून निघाली होती, आणि आग विझल्यावरही ती तिथे थांबली नाही.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं विंडसर स्टेशन मॉन्ट्रियलच्या मध्यावर आहे. तिथून उतारावर खाली गेलं की सेंट अँतवान रस्त्याच्या आसपासची जुनी कामगार वस्ती लागते. आज तिला लिटल बर्गंडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे काळी कुटुंबं राहायला आली, कारण घरातल्या पुरुषांना मिळणारी नोकरी जवळजवळ एकच होती : लांब पल्ल्याच्या गाड्यांत, झोपायच्या डब्यातला पोर्टर. बिछाने घाला, बूट पुसा, रात्री-अपरात्री घंटा वाजली की धावा. रात्रीच्या प्रवासात तीनेक तासांची झोप मिळायची, तीही धूम्रपानाच्या डब्यातल्या बाकावर. पगार तुटपुंजा, भिस्त सगळी टिपवर, आणि प्रवाशाने टॉवेल पळवला तर त्याचे पैसे पोर्टरच्या खिशातून. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ अशी हाक मारत. हे डबे बनवणाऱ्या अमेरिकन उद्योगपती जॉर्ज पुलमनचं ते नाव. जणू हे सगळे त्याच्याच घरचे नोकर. १९३९ पासून संघटना बांधत आणत या पोर्टरांनी १९४५ साली कॅनेडियन पॅसिफिकशी लेखी करार केला. काळ्या कामगारांनी कॅनडात केलेला असा हा पहिला सामूहिक करार मानला जातो. त्यात पगारवाढ होती, भरपगारी सुट्टी होती आणि आणखी एक बारीकसं कलम होतं : डब्यात पोर्टरच्या खऱ्या नावाची पाटी लागेल.

या वस्तीत शिकणं-शिकवणं हा घरगुती मामला होता. डॅनियल पीटरसन नावाचा एक पोर्टर होता. पियानो तो स्वतःच शिकला होता. गाडीवर निघण्यापूर्वी तो प्रत्येक पोराला पुढच्या खेपेपर्यंतचा धडा नेमून द्यायचा आणि परतल्यावर हजेरी घ्यायचा. गाडीचं वेळापत्रक हेच घरातल्या शाळेचं वेळापत्रक. त्याची मुलगी डेझी पुढे वस्तीतल्या दोन-तीन पिढ्यांची पियानोशिक्षिका झाली. मुलगा ऑस्कर पीटरसन जॅझच्या जगात कुठवर गेला, ते संगीताच्या रसिकांना सांगायला नको.

संस्थाही अशाच, गरजेपोटी उभ्या राहिल्या. पोर्टरांच्या बायकांनी १९०२ साली कलर्ड विमेन्स क्लब काढला. आजाऱ्याला खाट, उपाशी माणसाला वाडगाभर सूप, मेलेल्याला दफनभूमीत जागा, हे त्यांचं काम. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसायचा कंटाळा आला तेव्हा १९०७ मध्ये पोर्टरांनी स्वतःचं चर्च सुरू केलं. तेच आजचं युनियन युनायटेड चर्च. १९१९ साली जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या चळवळीची शाखा निघाली. ग्रेनाडाहून आलेली लुईझ लँग्डन आणि अमेरिकेच्या जॉर्जियातून आलेला अर्ल लिटल यांची गाठ तिथे पडली आणि मॉन्ट्रियलमध्येच त्यांनी लग्न केलं. त्यांचा एक मुलगा पुढे माल्कम एक्स या नावाने जगाला माहीत झाला. अँटिग्वाहून आलेले रेव्हरंड चार्ल्स एस्ट यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये निग्रो कम्युनिटी सेंटर सुरू झालं, आधी चर्चच्या तळघरात आणि १९५५ पासून कोर्सोल रस्त्यावरच्या दगडी इमारतीत. शाळा सुटल्यावर पोरं तिथे येत. अभ्यास, खेळ, वाद्यं, ग्रंथालय, सगळं एका छपराखाली.

कायद्याचा आधार मात्र शून्य. ११ जुलै १९३६ च्या संध्याकाळी फ्रेड क्रिस्टी नावाचा ड्रायव्हर दोन मित्रांबरोबर यॉर्क टॅव्हर्न या गुत्त्यात शिरला. हा गुत्ता आइस हॉकीच्या सुप्रसिद्ध फोरम मैदानाच्याच इमारतीत होता. क्रिस्टीने टेबलावर ५० सेंट ठेवले आणि बिअर मागवली. काळ्यांना देत नाही, असं उत्तर आलं. त्याने पोलीस बोलावले, तरी उत्तर बदललं नाही. मग वस्तीने वर्गणी गोळा केली आणि खटला उभा केला. खालच्या न्यायालयाने २५ डॉलरची भरपाई मंजूर केली, वरच्याने ती रद्द केली, आणि डिसेंबर १९३९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दुकानदार कोणाशी धंदा करेल हा त्याचा प्रश्न, त्याला धंद्याचं स्वातंत्र्य आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत भेदभाव कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता. कॅनडात तो छापावाच लागला नाही.

देशात येण्याच्या दारावरही तीच युक्ती. १९१० च्या इमिग्रेशन कायद्याने सरकारला अधिकार दिला की कॅनडाच्या हवामानाला वा गरजांना जो वंश ‘मानवणार नाही’ त्याला अडवता येईल. कायद्यात काळ्यांचं नाव नाही, नाव हवामानाचं. याच सुमारास हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी वेगळी शक्कल होती. १९०८ च्या नियमानुसार आपल्या देशातून सलग, न थांबता प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश, आणि तशी बोट तर चालतच नव्हती. १९१४ मध्ये कोमागाता मारू व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवली गेली, ती या नियमाच्या जोरावर.

कॅरिबियन माणसांसाठी दार किलकिलं झालं ते १९५५ साली, आणि तेही मोलकरणींसाठी. कॅनडातल्या सुखवस्तू घरांना कामाला बायका मिळत नव्हत्या. बेटांवरच्या सरकारांना बेकारी जाळत होती. दोघांचं जमलं. पहिल्या वर्षी जमैकातून ७५ आणि बार्बेडोसमधून २५ बायका आल्या. अटी कडक होत्या : अविवाहित, तरुण, किमान आठवी शिकलेली, मूलबाळ नसलेली, वैद्यकीय तपासणीत पास झालेली. वर्षभर घरकाम करायचं, मग कायम राहायची मुभा. १९६७ पर्यंत सुमारे तीन हजार बायका अशा आल्या. आठवीची अट नावालाच होती. कित्येकजणी शिक्षिका, कारकून, परिचारिका होत्या आणि दुसरा दरवाजाच नाही म्हणून भांडी घासायला तयार झाल्या होत्या. ग्रेनाडाची जीन ऑगस्टीन ही तरुण शिक्षिका १९६० मध्ये याच योजनेतून आली. पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली, १९९३ मध्ये संसदेत निवडून गेलेली पहिली काळी स्त्री ठरली, आणि डिसेंबर १९९५ मध्ये फेब्रुवारी हा कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना म्हणून पाळावा हा तिचा ठराव संसदेने एकमताने मंजूर केला.

मूलबाळ नसावं ही अट पुढे फार महागात पडली. काही बायका पोटची पोरं आजीकडे ठेवून, अर्जात त्यांचा उल्लेख न करता आल्या होत्या. काही वर्षांनी त्यांनी पोरांना बोलावून घेण्यासाठी अर्ज केला तेव्हा सरकार म्हणालं, तुम्ही खोटं बोललात, चालत्या व्हा. १९७७ मध्ये अशा सात जमैकन आयांना हद्दपारीच्या नोटिसा निघाल्या. मोर्चे निघाले, सभा झाल्या, प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा कुठे १९७९ मध्ये त्यांना राहू दिलं.

१९६० च्या दशकात प्रवेशाचे नियम सैल झाले. १९६२ मध्ये वंशाची अट जवळपास गेली, १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली. बेटांवरून विद्यार्थी येऊ लागले. त्यांच्यातले बरेच जण मॉन्ट्रियलच्या सर जॉर्ज विल्यम्स विद्यापीठात जात, कारण तिथे संध्याकाळचे वर्ग होते आणि दिवसा नोकरी करता यायची. रॉबर्ट्स तिथलाच. त्याच्या भोवती जमलेली मंडळी पाहिली तर थक्क व्हायला होतं : जमैकाचा रॉबर्ट हिल, अँटिग्वाचा टिम हेक्टर, बार्बेडोसहून किशोरवयात आलेली ॲन कूल्स, डॉमिनिकाचा रूझवेल्ट ‘रोझी’ डग्लस. डग्लस हा धनाढ्य नारळबागायतदाराचा मुलगा. कॅनडात येण्याचा परवाना अडकला तेव्हा त्याने थेट पंतप्रधान डीफेनबेकर यांना फोन लावला, अशी गोष्ट सांगितली जाते. सुरुवातीला तो त्यांच्याच काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या युवक शाखेत वावरत होता.

या मंडळींनी १९६५ मध्ये कॅरिबियन कॉन्फरन्स कमिटी काढली आणि त्या वर्षीच्या पहिल्या परिषदेला बार्बेडोसचे कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग यांना बोलावलं. पुढच्या वर्षी आले सी. एल. आर. जेम्स. क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकाला जेम्स ठाऊक असतात ते ‘बियाँड अ बाउंडरी’ या पुस्तकामुळे. हैतीच्या गुलामांच्या बंडाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. मॉन्ट्रियलच्या या पोरांसाठी जेम्स म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. बैठका कोणाच्या तरी भाड्याच्या खोलीत भरत. मार्क्सपासून कॅरिबियन इतिहासापर्यंत सगळं वाचलं जायचं. ज्या गोष्टी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हत्या, त्या ही मुलं एकमेकांना शिकवत होती.

ऑक्टोबर १९६८ मध्ये मॅकगिल विद्यापीठात काँग्रेस ऑफ ब्लॅक रायटर्स भरली, ११ तारखेपासून चार दिवस. आयोजकांत डग्लस पुढे होता. अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते स्टोकली कारमायकेल आले, जेम्स आले, नोव्हा स्कोशियाचा कार्यकर्ता रॉकी जोन्स आला, आणि गयानाचा तरुण इतिहासकार वॉल्टर रॉडनी आला. रॉडनी जमैकात शिकवत होता आणि किंग्स्टनच्या गल्ल्यांमध्ये बसून गरीब पोरांना आफ्रिकेचा इतिहास सांगायचा, त्यामुळे तिथल्या सरकारच्या डोळ्यात सलत होता. परिषद आटोपून १५ ऑक्टोबरला तो जमैकाच्या विमानतळावर पोहोचला तेव्हा त्याला विमानातून उतरूच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी किंग्स्टन पेटलं. मॉन्ट्रियलच्या सभागृहात जे बोललं गेलं त्याची धग तीनेक हजार किलोमीटरवर लागली.

त्याच वर्षी क्वेबेकमधला, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथला, फ्रेंच राष्ट्रवादी लेखक पियेर व्हालिएर याने इंग्रजांच्या दडपणाखालच्या फ्रेंच भाषकांना ‘अमेरिकेचे गोरे निग्रो’ म्हणणारं पुस्तक छापलं. पुस्तक गाजलं. मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या काळ्यांची आठवण तेव्हा फार थोड्यांना झाली.

आता नवव्या मजल्याकडे येऊ. १९६८ च्या वसंतात सर जॉर्ज विल्यम्सच्या सहा कॅरिबियन विद्यार्थ्यांनी जीवशास्त्राचे अध्यापक पेरी अँडरसन यांच्याविरुद्ध तक्रार केली. तक्रार गुणांची होती : काम कितीही चांगलं असो, काळ्या विद्यार्थ्यांना कमीच. वर असंही की गोऱ्या मुलांना ते पहिल्या नावाने हाक मारतात आणि आम्हाला ‘मिस्टर’ म्हणतात. बाहेरच्याला ही बारीकशी गोष्ट वाटेल. वैद्यकीय शिक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या आणि घरच्यांच्या पोटाला चिमटा घेऊन परदेशी आलेल्या पोराला एकेका गुणाची किंमत काय असते, हे आपल्याकडच्या आईबापांना सांगायला नको. विद्यापीठाने आतल्या आत चौकशी केली, तथ्य नाही असं ठरवलं, आणि तक्रारदारांना धड लेखी उत्तरही दिलं नाही. उन्हाळा गेला. हिवाळ्यात प्रकरण पुन्हा उकरलं गेलं. चौकशी समिती नेमली तर तिच्यात कोण असावं यावर भांडण, सदस्यांचे राजीनामे, पुन्हा नवी नावं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांचं म्हणणं घेऊन समिती बनते, आम्हाला कोणी विचारत नाही, हा विद्यार्थ्यांचा मुद्दा होता. दहा महिने विद्यापीठ कार्यपद्धतीवर वाद घालत बसलं. अध्यापकाने भेदभाव केला की नाही हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. माझ्या मते दोष शोधायचा तर तो या दहा महिन्यांत शोधावा.

२९ जानेवारी १९६९ ला विद्यार्थी सुनावणीतून उठून गेले आणि हेन्री हॉल इमारतीच्या नवव्या मजल्यावरच्या संगणक केंद्रात जाऊन बसले. सुमारे दोनशे जण, काळे आणि गोरे दोन्ही. जागा हुशारीने निवडलेली होती. विद्यापीठाचा सगळा कारभार त्या अवाढव्य यंत्रांवर आणि छिद्रं पाडलेल्या कार्डांवर चालायचा. जवळजवळ दोन आठवडे हा ठिय्या शांतपणे चालला. गाणी, भाषणं, डबे, झोप. १० फेब्रुवारीच्या रात्री तोडगा निघाल्याची बातमी आली, नवी समिती नेमायचं ठरलं, बरेच जण घरी गेले. मागे शंभरेक राहिले. मग तोडगा फिसकटला. पहाटे दंगलविरोधी पोलीस आले. मुलांनी टेबलं-खुर्च्यांनी जिने अडवले आणि कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे खिडक्यांतून खाली फेकले. डी मेझोनव्ह रस्त्यावर कागदांचा खच पडला. मग आग लागली. ती कोणी लावली हे कधीच सिद्ध झालं नाही. धुराने कोंडलेल्या मजल्यावर मुलं अडकली होती आणि खाली रस्त्यावर जमलेल्या गोऱ्या गर्दीतून आरोळ्या येत होत्या, की जळू द्या त्यांना. काळ्यांसाठी वापरली जाणारी शिवी त्या घोषणेत होती.

९७ जणांना अटक झाली. नुकसान २० लाख डॉलरच्या घरात गेलं. दुसऱ्याच दिवशी अँडरसन पुन्हा कामावर रुजू झाले आणि जूनअखेर समितीने त्यांना निर्दोष ठरवलं. अटक झालेल्यांत गयानाचे नेते छेदी जगन यांचा मुलगाही होता. वर्तमानपत्रांत दिवसेंदिवस चर्चा चालली ती संगणकांच्या किमतीची.

बेटांवर वेगळी चर्चा चालली होती. त्रिनिदादच्या विद्यापीठात २६ फेब्रुवारी १९६९ ला कॅनडाचे गव्हर्नर जनरल मिशेनर यांना तिथल्या विद्यार्थ्यांनी आवारात शिरू दिलं नाही. वर्षभराने, नेमकं त्याच तारखेला, मॉन्ट्रियलमध्ये त्रिनिदादच्या दहा विद्यार्थ्यांचा खटला चालू असताना पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोर्चा निघाला. तो रॉयल बँक ऑफ कॅनडाच्या शाखेसमोर थांबला आणि पुढे कॅथलिक कॅथेड्रलमध्ये शिरला. बँकेसमोर का? कारण कॅरिबियनमध्ये कॅनडा म्हणजे आधी बँक आणि मग बॉक्साइटची खाण. बँक ऑफ नोव्हा स्कोशियाने किंग्स्टनमध्ये शाखा उघडली १८८९ साली, टोरोंटोमध्ये त्यानंतर आठ वर्षांनी. बेटावरचा पैसा वर जाताना कोणी हवामान विचारलं नव्हतं. मार्चमध्ये मोर्चेकरी उसाच्या भागात, कारोनीकडे चालत गेले. तिथे पिढ्यान्पिढ्या उसात राबणारी भारतीय वंशाची माणसं राहत होती, आणि आफ्रिकन-भारतीय एकजुटीच्या घोषणा झाल्या. एप्रिलमध्ये आणीबाणी जाहीर झाली. आंदोलकांवर गोळ्या झाडायला नको म्हणून सैन्यातल्या एका गटाने बंड केलं. त्याचे पुढारी दोन तरुण लेफ्टनंट, रेक्स लासाल आणि भारतीय वंशाचा रफीक शाह. पंतप्रधान एरिक विल्यम्स स्वतः गुलामगिरीचे नामांकित इतिहासकार. त्यांच्याच सरकारने मॉन्ट्रियलच्या मुलांचा दंड भरला आणि घरच्या मुलांना तुरुंगात टाकलं.

मॉन्ट्रियलमध्ये डग्लसला दोन वर्षांची शिक्षा झाली. तो सुमारे १८ महिने तुरुंगात होता. बाहेर आल्यावर काळ्यांच्या आणि आदिवासींच्या वस्त्यांमध्ये फिरून तो संघटना बांधू लागला. या काळात त्याची गाडी चालवणारा, त्याच्या पाठीशी सावलीसारखा असणारा वॉरन हार्ट नावाचा माणूस हा कॅनडाच्या पोलिसांचा खबऱ्या निघाला. तो याआधी अमेरिकेत ब्लॅक पँथरमध्ये घुसून एफबीआयसाठी काम करून आलेला. १९७६ मध्ये डग्लसला बेड्या घालून देशाबाहेर काढलं. २००० सालच्या फेब्रुवारीत तो डॉमिनिकाचा पंतप्रधान झाला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला वारला. कूल्सला चार महिन्यांची शिक्षा झाली होती. पुढे तिने टोरोंटोत मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरागृह चालवलं आणि १९८४ मध्ये ती कॅनडाच्या सिनेटची पहिली काळी सदस्य झाली. एकाच मजल्यावरून निघालेले दोघे. एक त्या देशाला राष्ट्रीय सुरक्षेचा धोका वाटला, दुसरी तिथल्या वरिष्ठ सभागृहात जाऊन बसली.

हे चेहरे प्रसिद्ध आहेत. मला अधिक ओढ वाटते ती त्यांच्या मागे राहिलेल्यांची. आगीनंतर शहरातल्या काळ्या माणसांची परिस्थिती अवघड झाली होती. नोकरीच्या ठिकाणी, घर भाड्याने घेताना, बसमध्ये लोक बघायचे. आधीपासून राहणाऱ्या जुन्या पोर्टर कुटुंबांतल्या काहींना वाटलं, या बेटांवरच्या शिकलेल्या पोरांनी आपली आयुष्यभराची कमाई घालवली. दुसरीकडे त्याच लोकांनी जामिनाचे पैसे उभे केले. त्याच वर्षी ‘उहुरू’ नावाचं वर्तमानपत्र निघालं. हा स्वाहिली शब्द, अर्थ स्वातंत्र्य. देशभरच्या संघटनांना एकत्र आणणारी नॅशनल ब्लॅक कोअलिशनही १९६९ चीच.

आणि मग शाळा. मोलकरीण योजनेतून आलेल्या आणि नंतर आलेल्या बायकांची पोरं आता एकेक करून येत होती. आजीच्या अंगणातून उचलून आणलेलं दहा-बारा वर्षांचं पोर, ज्या आईचा चेहरा धड आठवत नाही तिच्याकडे, आणि बाहेर बर्फ. शाळेत गेलं की त्याच्या जमैकन किंवा बार्बेडोसी वळणाच्या इंग्रजीला शिक्षक हसत किंवा ती समजत नाही म्हणत. बुद्धी कमी असा शिक्का बसायचा, एक-दोन इयत्ता मागे ढकललं जायचं, नाहीतर हातकामाच्या वर्गात रवानगी. बेटावरच्या शाळेत तेच पोर शेक्सपिअर घोकत होतं. ज्या तक्रारीवरून विद्यापीठात एवढं रामायण झालं, तीच इथे प्राथमिक शाळेत रोज घडत होती, फक्त तक्रार करणारं कोणी नव्हतं.

मॉन्ट्रियलच्या काळ्या शिक्षकांनी आणि विद्यापीठातल्या मंडळींनी क्वेबेक बोर्ड ऑफ ब्लॅक एज्युकेटर्स ही संस्था काढली. तिचा सर्वांत टिकाऊ उपक्रम म्हणजे दा कोस्टा-हॉल हे उन्हाळी वर्ग, जे १९७० च्या सुमारास सुरू झाले. शाळेत मागे पडलेल्या किंवा शाळा सोडलेल्या मुलांना इंग्रजी आणि गणित पक्कं करून पुढच्या शिक्षणाच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. कोट-दे-नेज भागात, जिथे नवे कॅरिबियन लोक राहायला आले, तिथे स्वतंत्र संघटना निघाली. त्रिनिदादहून आलेले अर्थशास्त्राचे अध्यापक क्लेरेन्स बेन यांच्या पुढाकारातून ब्लॅक थिएटर वर्कशॉप उभं राहिलं. व्हॅनिए कॉलेजात शिकवणारे लिओ बर्टली यांनी १९७७ मध्ये कॅनडातल्या आफ्रिकन वंशीयांचा इतिहास लिहून काढला, कारण वर्गात द्यायला पुस्तकच नव्हतं. हैतीतल्या हुकूमशाहीतून पळून आलेल्यांनी १९७२ मध्ये मेझॉन दायती ही संस्था सुरू केली, तिथे काम फ्रेंचमधून चालायचं. १९७७ मध्ये क्वेबेकचा भाषा कायदा आला आणि इंग्रजी बेटांवरून येणाऱ्या नव्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची झाली. म्हणजे आधी इंग्रजी चुकीची म्हणून मागे, आता फ्रेंच येत नाही म्हणून मागे. शिकवण्या घेणाऱ्यांचं काम दुप्पट झालं.

टोरोंटोतही हेच चाललं होतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक एज्युकेशन प्रोजेक्टमध्ये मार्लीन ग्रीनसारखे कार्यकर्ते मुलांचा अभ्यास घेत आणि आईबापांना सोबत घेऊन शाळेत जाऊन भांडत. बाथर्स्ट रस्त्यावर लेनी आणि ग्वेन जॉन्स्टन यांचं थर्ड वर्ल्ड बुक्स हे दुकान होतं. लेनी जॉन्स्टन पूर्वी रेल्वेत पोर्टर. दुकानात पुस्तक विकत घेतलंच पाहिजे असं नव्हतं. उभ्याने वाचा, वाद घाला, रविवारी पोरांना घेऊन या. कॅनडाच्या काळ्या चळवळीतले कितीतरी लोक सांगतात की आपलं खरं विद्यापीठ ते.

मॉन्ट्रियलच्या कोर्सोल रस्त्यावरचं निग्रो कम्युनिटी सेंटर मात्र टिकलं नाही. लिटल बर्गंडीत १९६६ पासून शहर सुधारणेची मोहीम सुरू झाली होती. मग १९७० च्या दशकात द्रुतगती महामार्ग आला, घरं पाडली गेली, माणसं पांगली. १९९० च्या आसपास सेंटरला कुलूप लागलं. इमारतीची एक भिंत ढासळली आणि २०१४ मध्ये ती पाडून टाकली.

सर जॉर्ज विल्यम्स १९७४ मध्ये लॉयोला कॉलेजमध्ये विलीन होऊन काँकॉर्डिया विद्यापीठ झालं. त्याआधी, १९७१ मध्ये, तिथे तक्रारींसाठी लोकपालाचं कार्यालय उघडलं. ते आगीचं थेट फळ. २०१५ मध्ये मिना शुम यांचा ‘नाइन्थ फ्लोअर’ हा माहितीपट आला आणि एका नव्या पिढीने त्या मजल्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. २०२० मध्ये काँकॉर्डियाने काळ्यांविरुद्धच्या वंशभेदावर एक कार्यदल नेमलं. त्याचा अंतिम अहवाल आला त्या दिवशी, २८ ऑक्टोबर २०२२ रोजी, अध्यक्ष ग्रॅहम कार यांनी १९६९ च्या प्रकरणाबद्दल विद्यापीठाच्या वतीने जाहीर माफी मागितली. त्या सहा तक्रारदारांपैकी रॉडनी जॉन सभागृहात बसले होते. त्या वेळी कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम विद्यापीठाने आणायचं कबूल केलं. रॉबर्ट्सच्या मित्रांनी भाड्याच्या खोलीत साधारण तोच अभ्यास १९६५ मध्ये सुरू केला होता, फी न घेता.